वॉरंटीची झोनबंदी

नवा ट्रॅक्टर दारात आला की नारळ फुटतो, बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, गल्लीत पेढे वाटले जातात. या गडबडीत शोरूमचा माणूस एक पुस्तिका हातावर ठेवतो. ती टूलबॉक्समध्ये किंवा देवघराच्या फळीवर जाते आणि पुन्हा उघडली जात नाही. सातबाऱ्यावर बोजा चढवून घेतलेल्या यंत्राचा खरा मालक कोण, याचा निकाल मात्र त्याच पुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक टाइपात लावलेला असतो. अधिकृत विक्रेत्याखेरीज दुसरीकडे सर्व्हिसिंग केली, कंपनीच्या डब्यातले सोडून दुसरे ऑइल घातले, तर वॉरंटी संपली, अशा अर्थाच्या त्या दोन-तीन ओळी असतात.

या ओळींची किंमत किती, हा हिशेब आजपर्यंत आपण मांडला नाही. कापसाच्या क्विंटलला उत्पादन खर्च किती, उसाच्या टनाला किती, हे पै-पैचे हिशेब आपल्या बैठकांत अडाणी समजली जाणारी माणसेही तोंडपाठ सांगतात. त्या हिशेबात 'यंत्रखर्च' असा एक रकाना असतो आणि त्यात आपण डिझेल व बँकेचा हप्ता तेवढा धरतो. सर्व्हिसिंगचे बिल 'किरकोळ'मध्ये जाते. ते किती किरकोळ आहे ते एकदा पाहू.

चाळीस-पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर धरू. पहिली सर्व्हिसिंग बहुधा ५० तासांना, पुढे मॉडेलप्रमाणे २५० ते ५०० तासांनी. आपण २५० तास धरू आणि वर्षाला ५०० तास काम धरू, म्हणजे वर्षात दोन सर्व्हिसिंग. काम काय, तर इंजिनचे सात-आठ लिटर ऑइल बदलणे, ऑइल फिल्टर, डिझेलचे दोन फिल्टर, एअर क्लीनर साफ करणे, ग्रीस भरणे, क्लचचा पट्टा, ब्रेक आणि फॅनबेल्ट पाहणे. यात विमानाच्या इंजिनिअरची गरज नाही. आता समजा, शोरूमला ऑइल ४२० रुपये लिटर पडले, तर आठ लिटरचे ३,३६० रुपये. ऑइल फिल्टर ३५०, डिझेल फिल्टरची जोडी ५००. मजुरी ९०० आणि त्यावर जीएसटी १६२. मेकॅनिक शेतावर बोलावला तर येण्याजाण्याचे ६००. एकूण ५,८७२ रुपये. गावच्या मिस्त्रीकडे त्याच ग्रेडचे, नावाजलेल्या तेल कंपनीचे ऑइल ३४० रुपयांनी २,७२० चे होते. फिल्टर बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या डब्यातला ऑइल फिल्टर २२०, डिझेलची जोडी ३२०, मजुरी ४००. एकूण ३,६६०. फरक २,२१२ रुपयांचा. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने आपापली बिले काढून त्या जागी खरे आकडे घालावेत. कोणाचा फरक हजाराचा निघेल, कोणाचा तीन हजारांचा. पण फरक निघेल.

पूर्वी ट्रॅक्टरला एक-दोन वर्षांची वॉरंटी असे. आता जाहिरातीत पाच-पाच, सहा-सहा वर्षांची वॉरंटी झळकते आणि आपण ती कंपनीची मेहेरबानी समजतो. वर धरलेल्या हिशेबाने वर्षाला ४,४२४ आणि सहा वर्षांत २६,५४४ रुपये जादा जातात. सुरुवातीच्या एक-दोन सर्व्हिसिंगची मजुरी माफ असते, तेवढी वजा करा. तरीही उरते ती रक्कम म्हणजे त्या 'मोफत' वॉरंटीचा विम्याचा हप्ता आहे, आणि तो आपण भरतो आहोत. वॉरंटी जितकी लांब, तितके दावे लांब.

पैशापेक्षाही मोठी गोष्ट वेळेची. शोरूम तालुक्याला किंवा जिल्ह्याला. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की चार दिवसांत पेरा उरकायचा असतो. त्याच चार दिवसांत सगळ्या तालुक्याचे ट्रॅक्टर बिघडतात, कारण वर्षभर शेडमध्ये असलेले यंत्र तेव्हाच जुंपलेले असते. शोरूमकडे मेकॅनिक दोन, तक्रारी चाळीस. 'नंबर लावला आहे, उद्या माणूस येईल' हे उत्तर ऐकून ज्याने वाफसा गमावला आहे, त्याला त्या दिवसाची किंमत विचारा. गावचा मिस्त्री रात्री बॅटरीच्या उजेडातही येतो, कारण त्याला याच गावात राहायचे असते.

तुमच्या-आमच्यासारख्याच एका शेतकऱ्याची हकिगत सांगतो. ट्रॅक्टर दीड वर्षाचा. हायड्रॉलिकचा पंप गेला, नांगर उचलेना. शोरूमने विचारले, मागची सर्व्हिसिंग कुठे केली? याने खरे सांगितले की इंजिनचे ऑइल गावात बदलले. झाले, वॉरंटी नाकारली. आता ट्रॅक्टरवर बसणाऱ्या पोरालाही कळते की इंजिनच्या चेंबरमधले ऑइल वेगळे आणि हायड्रॉलिकला लागणारे मागच्या हौसिंगमधले ऑइल वेगळे. ते बदलायची पाळी कितीतरी उशिरा, बहुतेक ट्रॅक्टरांत हजार तासांच्या आसपास येते. इंजिनात कोणते ऑइल होते याचा हायड्रॉलिक पंपाशी काडीचा संबंध नाही. उद्या गाईच्या शिंगाला रंग लावला म्हणून तिच्या दुधाची जबाबदारी नाकारण्यासारखा हा न्याय. त्या शेतकऱ्याने पंपाचे पैसे मुकाट्याने भरले, कारण पेरणी तोंडावर होती आणि भांडायला सवड नव्हती. कंपन्यांचा सगळा कायदा आपल्या या सवड नसण्यावर उभा आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपल्या हिशेबाला किंमत राहणार नाही. गावातला प्रत्येक मिस्त्री विश्वकर्मा नाही. हातोडी आणि छिन्नीने बेअरिंग काढणारे आहेत, टॉर्क रेंच आयुष्यात न पाहिलेले आहेत. बाजारात डुप्लिकेट फिल्टरचा आणि जुन्या डब्यात भरलेल्या खोट्या ऑइलचा सुळसुळाट आहे. दोनशे रुपये वाचवायला घेतलेला खोटा फिल्टर पन्नास-साठ हजारांचे इंजिनकाम गळ्यात घालू शकतो. आणि सर्वांत मोठी खोट म्हणजे आपला मिस्त्री बिल देत नाही, आपण मागत नाही. मग कोणत्या तासाला कोणते ऑइल घातले याचा पुरावा काय? शोरूम निदान कागद देते. इंजिनच्या पोटातले काम असेल, वॉरंटीत मोडणारा मोठा भाग गेला असेल, तर आज शोरूमलाच जाणे शहाणपणाचे. मजुरी माफ असलेल्या सुरुवातीच्या सर्व्हिसिंगही तिथेच कराव्यात. त्याचे पैसे आपण ट्रॅक्टरच्या किमतीत आधीच मोजलेले आहेत.

पण 'ओरिजिनल' या शब्दाची जी दहशत घातली जाते, ती तपासून पाहा. ट्रॅक्टर कंपनी फिल्टर बनवत नाही, बेअरिंग बनवत नाही, बॅटरी, टायर, ऑइल सील बनवत नाही. ते सारे निरनिराळ्या कारखान्यांतून येते. तोच कारखाना तोच माल कंपनीच्या छापाच्या डब्यात घालतो आणि परवानगी असेल तेव्हा स्वतःच्या छापाच्या डब्यातही विकतो. डिझेलच्या नोझलचेच घ्या. आपल्या नाशिकला सातपूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षे नोझल तयार होत आले, गावोगाव लोक त्याला 'मायको' म्हणतात. पंप आणि नोझलचे काम निघाले तर बहुतेक शोरूमवाले स्वतः ते उघडतही नाहीत, पंपाचे काम करणाऱ्या दुकानाकडे पाठवतात आणि वर आपले बिल लावतात. म्हणजे बाहेरचा माणूस चालतो, फक्त तो आपण शोधलेला चालत नाही.

आणि हा बाहेरचा माणूस आला कुठून? विहिरीवर ऑइल इंजिने आली तेव्हा ती उघडायला कोणी पुण्याला गेले नाही. गावातल्या लोहाराचा, सुताराचा पोरगा ती उघडत, जोडत, चुकत शिकला. पुढे तोच मोटारी भरू लागला, मग मळणीयंत्र, मग ट्रॅक्टर. सरकारच्या एकाही योजनेचा पैसा न घेता खेड्यात जी काही यंत्रविद्या आली, ती या माणसाने आणली. आज त्याला 'अनधिकृत' हे विशेषण लावले जाते. कोणी दिला हा अधिकार आणि कोणी काढून घेतला?

जीप, पिकअप, लहान मोटारी आता खेड्यात आहेत. त्यांच्या बाबतीत लूट जरा वेगळ्या वाटेने होते. तिथे वातानुकूलित खोलीत बसवून चहा देतात आणि बिलात इंजिन फ्लश, थ्रॉटल सफाई, एसीचे जंतुनाशक, खालून कोटिंग असली कलमे चढवतात. पुस्तिकेतला सर्व्हिसिंगचा तक्ता उघडून बघा, यातली बहुतेक कलमे त्यात नसतात. 'पुस्तिकेत आहे तेवढेच करा' एवढे एक वाक्य लेखी दिले की बिल निम्म्यावर आल्याची उदाहरणे आहेत.

आता मुद्द्याचा प्रश्न. आपली चळवळ खुल्या बाजाराची. सरकारने शेतीमालाच्या व्यापारात हात घालू नये, ही आपली भूमिका. मग कंपनीने आपला माल कोणत्या अटीवर विकावा यात आपण तोंड का घालावे? ज्याला अट मान्य नाही त्याने ट्रॅक्टर घेऊ नये, असे काही मित्र म्हणतात. त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

कंपनीने शोरूमची मजुरी दोन हजार ठेवावी, पाच हजार ठेवावी, आपले काही म्हणणे नाही. महाग वाटले तर आपण जाणार नाही. सर्व्हिसिंगचे दर कलेक्टरने बांधून द्यावेत, अशी मागणी काही पुढारी करू लागतील. तिला आपण पहिला विरोध केला पाहिजे. दर बांधले की ऑइल काळ्या बाजारात जाते आणि इन्स्पेक्टर बिलावर सही करायचे पैसे घेतो. रॉकेल आणि सिमेंटच्या रांगेत उभे राहिलेल्यांना हे शिकवायला नको. पण महाग दुकान वेगळे आणि बाकीच्या दुकानांची दारे बाहेरून बंद करणे वेगळे. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकारात सरकारने नेमके हेच केले. तुमचा कापूस आम्हीच घेणार, सरहद्दीपलीकडे गाडी गेली तर जप्त. उसाच्या झोनबंदीत कारखान्याने हेच केले. तुमच्या उसाला शेजारचा कारखाना जास्त भाव देत असला तरी ऊस आमच्याच गव्हाणीत पडला पाहिजे. त्या वेळी आपण 'भाव बांधून द्या' एवढेच म्हटले नाही, 'बंदी उठवा' म्हटले. सुटे भाग फक्त आमच्याच काउंटरवर, दुरुस्तीची माहिती फक्त आमच्याच माणसाला, आणि दुसरीकडे गेलात तर वॉरंटी जप्त, ही झोनबंदीच आहे. बंदी सरकारने घातली काय आणि कंपनीने घातली काय, शेतकऱ्याच्या मानेवरचे जू तेवढ्याच वजनाचे.

शिवाय ट्रॅक्टर घेताना पर्याय असतो, घेतल्यावर नसतो. सात-आठ लाखांचे यंत्र एकदा दारात आले की त्याचा भाग दुसऱ्या कंपनीचा बसत नाही. बाजार खुला असतो तो शोरूमच्या काचेच्या दरवाज्यापर्यंत.

ही केवळ आपली हाकाटी नाही. देशाच्या स्पर्धा आयोगापुढे २०११ साली शमशेर कटारिया यांनी मोटार कंपन्यांविरुद्ध हीच तक्रार नेली होती. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दोषी धरून एकूण २,५४४ कोटी रुपयांवर दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे, बिघाड शोधण्याची साधने व माहिती बाहेरच्या गॅरेजला न देणे, हे स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे असे आयोगाने म्हटले. वॉरंटीबद्दलही स्पष्ट सांगितले की बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. हायड्रॉलिक पंपाच्या वरच्या हकिगतीला हे वाक्य लावून पाहा. पुढे कंपन्या अपिलात आणि हायकोर्टात गेल्या, वर्षे गेली. निकाल मोटारींचा होता. ट्रॅक्टरवाल्याच्या वतीने त्या दारात कोणी उभेच नव्हते.

अमेरिकेचे नाव घेतले की आपल्याकडे काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पण तिथल्या शेतकऱ्याने हे भांडण पुढे नेले आहे. तिथे १९७५ च्या वॉरंटी कायद्याने, ठरावीक छापाचा भाग किंवा सेवा विकत घेतली तरच वॉरंटी, अशी अट घालायला मुळातच मनाई केली. नंतर यंत्रांत संगणक आले आणि कंपन्यांनी कुलूप कायद्याऐवजी संगणकाला लावले. भाग बदलला तरी कंपनीच्या माणसाने सॉफ्टवेअरमध्ये नोंद केल्याशिवाय यंत्र हलेना. शेतकऱ्यांनी आरडाओरडा केला. कोलोरॅडो राज्याने एप्रिल २०२३ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रे बनवणाऱ्यांना सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि तपासणीची साधने शेतकऱ्याला व बाहेरच्या मिस्त्रीला देणे भाग पडले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने डिअर अँड कंपनीवर याच कारणासाठी खटला भरला. या कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना पुण्याजवळ सणसवाडीलाही आहे, म्हणून ही बातमी दूरची समजू नये.

आपल्या ट्रॅक्टरात संगणक कुठे, असे कोणी म्हणेल. आला आहे. धुराच्या नव्या नियमांनी १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरांची इंजिने बदलली. डिझेलचे फवारणे आता इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवते. लहान ट्रॅक्टरांनाही असे नियम आज ना उद्या लागतील. तेव्हा पाना-स्क्रूड्रायव्हरने काम भागणार नाही, स्कॅनर लागेल, आणि स्कॅनरचा पासवर्ड कोणाकडे हा प्रश्न येईल. आजच्या दोन हजारांच्या फरकापेक्षा हे संकट मोठे आहे.

दिल्लीत याचा पत्ता नाही असे नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे होती. त्याच डिसेंबरात एक पोर्टलही उघडले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. २०२४ साली चर्चा पुढे सरकली ती मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची. शहरातल्या माणसाच्या खिशातला फोन ट्रॅक्टरच्या पुढे जाणारच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, टायर आणि काही सुट्या भागांवरचा १८ वरून ५ झाला, त्याच्या जाहिराती पानभर आल्या. पण सर्व्हिसिंगच्या मजुरीवर आणि इंजिन ऑइलवर १८ टक्के तसेच आहेत. व्यापारी आपल्या गाडीचा बराच कर वजावटीत परत घेतो, शेतकऱ्याला ती सोय नाही.

तेव्हा मागण्या थोड्या आणि नेमक्या असाव्यात. सुटा भाग पैसे मोजणाऱ्या कोणालाही काउंटरवर मिळावा आणि त्याची किंमत छापलेली असावी. बाहेर सर्व्हिसिंग केली म्हणून वॉरंटी नाकारायची असेल, तर त्या कामामुळेच बिघाड झाला हे कंपनीने लेखी दाखवून द्यावे. दुरुस्तीची पुस्तिका मराठीत मिळावी, किंमत घेऊन का होईना. स्कॅनर विकत घेण्याची मुभा मिस्त्रीला असावी. यात सबसिडी नाही आणि सरकारी दुकानही नाही.

तोपर्यंत हातातले करावे. पुस्तिकेत ऑइलची जी ग्रेड दिली आहे तीच घ्यावी, ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्यावी. फिल्टरचे रिकामे खोके फेकू नये. मिस्त्रीकडून तारीख, तासमीटरचा आकडा आणि कामाची नोंद सहीनिशी घ्यावी. घरातल्या बाईकडे वही द्यावी, ती वही हरवत नाही. वॉरंटी नाकारली तर तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नये, कारण लिहून मागावे. लिहून मागितले की निम्म्या वेळा सूर बदलतो. नाही बदलला तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक आयोग आहे. ट्रॅक्टर व्यवसायासाठी घेतला म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असा युक्तिवाद तिथे होईल. पोट भरण्यासाठी स्वतः राबवलेले यंत्र त्या अपवादात बसत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने गेल्या दोन वर्षांतली शोरूमची आणि गावच्या मिस्त्रीची सर्व्हिसिंगची बिले, तासमीटरच्या आकड्यांसह, आणावीत. वॉरंटी नाकारल्याचा कागद कोणाकडे असेल तर त्याची झेरॉक्सही जोडावी. गावच्या मिस्त्रींनाही बरोबर आणावे. त्यांच्यासाठी दुपारच्या सत्रात वेळ ठेवला आहे.